पाकिटामागचं टिकीट



डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की साताऱ्याच्या आमच्या घरात दोन वास एकदम सुटायचे. एक तळणाचा आणि दुसरा खळीचा. स्वयंपाकघरात आजी आणि आई करंज्या, शंकरपाळे, चकल्या करत बसलेल्या असायच्या. बाहेर ओटीवर दादा, म्हणजे माझे वडील, बांबूच्या कामट्या बांधून त्यांवर पतंगाचा कागद चिकटवायचे. पाच टोकांची ती चांदणी दारावर चढली की नाताळ सुरू झाला असं आम्ही मुलं समजायचो. शेजारची मुलं म्हणायची, "तुमची दिवाळी उशिरा येते रे!" आणि ते काही फारसं खोटं नव्हतं. डबे तेच, फराळ तोच, कंदिलाच्या जागी चांदणी. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला खरा, पण आमच्याकडे पोहोचेपर्यंत तो अगदी इथला होऊन गेला होता.

गाणीही इथलीच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्याला येऊन राहिले. 'देवाचा दरबार' त्यांनी इथंच सुरू केला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे त्यांच्या सातारच्या काळात नाताळ आले ते दोनच. पण अभंगाच्या चालीवर, टाळ आणि पेटीच्या साथीनं देवाचं गाणं म्हणायची जी गोडी त्यांनी लावली ती टिकून राहिली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, नाताळच्या आदल्या रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणारी आमची टोळी कंदील, पेटी आणि टाळ घेऊनच निघायची.

आज मी सांगणार आहे ते मात्र गाण्यांविषयी नाही. गाण्यांच्या पुस्तकात चिकटवलेल्या एका टिकिटाविषयी आहे.

त्या वयात मला टपालाची तिकिटं जमवायचा नाद होता. नाताळची सुट्टी म्हणजे आमच्या व्यापाराचा हंगाम. दोन नेपाळ देऊन एक हंगेरी, तीन साध्या देऊन एक तिकोनी, असे सौदे चालायचे. एकदा अशाच सुट्टीत आजीचं गायनांचं पुस्तक माझ्या हाती आलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक छोटं टिकीट चिकटवलेलं होतं. चित्र झिजून गेलेलं. पण एक लाल क्रूस ओळखू येत होता. त्याला आडव्या दांड्या एकीऐवजी दोन होत्या. बाजूला शुभेच्छांचे इंग्रजी शब्द आणि १९३६ हा आकडा. मी हरखून गेलो. आजीला म्हटलं, हे मला दे. कधी कशाला नाही न म्हणणारी आजी म्हणाली, "ते नाही देणार. दुसरं काहीही माग."

मग मी मित्रालाच घरी आणून ते दाखवलं. तो आमच्यातला जाणकार. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि निकाल दिला, "हे टिकीटच नव्हे. यावर देशाचं नाव नाही, किंमत नाही. हे नुसतं लेबल आहे." माझा उत्साह संपला. पुस्तक जागच्या जागी गेलं. आजी १९७४ साली गेली, तेव्हा ते पुस्तक आईनं ट्रंकेत ठेवलं.

त्यानंतर थेट २००९ सालचा नाताळ. आम्ही सगळी भावंडं साताऱ्याच्या घरी जमलो होतो. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या लॅपटॉप घेऊन आला होता आणि इंटरनेटसाठी ते यूएसबीचं छोटं यंत्र. रेंज येत नव्हती म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. जेवणं झाली, ट्रंक उघडली गेली, जुने फोटो निघाले आणि त्यांच्यात ते पुस्तक. मी माझ्या फसलेल्या व्यापाराची गोष्ट सांगितली. पुतण्या म्हणाला, "काका, बघू या की." त्यानं दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, टिकीट, नाताळ असे शब्द इंग्रजीत टाकले. पान उघडायला वेळ लागला. पण उघडलं तेव्हा तोच क्रूस समोर होता.

तो क्षयरोगाविरुद्धच्या लढ्याचा क्रूस होता. १९०२ साली बर्लिनच्या परिषदेत हे चिन्ह ठरलं आणि जगभर पसरलं. आणि आमचं 'नुसतं लेबल' म्हणजे नाताळचं टिकीट. त्याला स्वतःचा असा मोठा इतिहास निघाला.

तो सुरू होतो डेन्मार्कमध्ये. आयनार होल्बोल नावाचा टपालखात्यातला एक कर्मचारी नाताळच्या दिवसांत पत्रांचे ढीग उपसत होता. त्याच्या मनात आलं, या प्रत्येक पाकिटावर टपालाच्या तिकिटाबरोबर आणखी एक पैशा-दोन पैशांचं टिकीट लोकांनी लावलं, तर आजारी मुलांसाठी केवढा पैसा उभा राहील! राजानं कल्पना उचलून धरली आणि १९०४ च्या नाताळात पहिलं टिकीट निघालं, दिवंगत राणी लुईझचं चित्र असलेलं. त्या छोट्या देशात पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून अधिक टिकिटं खपली.

मूळचा डॅनिश, पण अमेरिकेत स्थायिक झालेला पत्रकार जेकब रीस याला मायदेशातून आलेल्या पत्रावर ही टिकिटं दिसली. त्याचे सहा भाऊ क्षयानं गेले होते. १९०७ साली त्यानं या टिकिटांवर लेख लिहिला. तो लेख वाचून डेलावेअर राज्यातल्या एमिली बिसेल या बाईंनी स्वतः टिकिटाचं चित्र काढलं. एक छोटं क्षयरुग्णालय बंद पडायला आलं होतं आणि त्याला ३०० डॉलर हवे होते. एका सेंटला एक याप्रमाणे टिकिटं विकून जमले सुमारे ३,००० डॉलर. तेव्हापासून दर नाताळात अमेरिकेत ही टिकिटं निघू लागली. टपालाचं मूल्य शून्य. लावायचं पाकिटाच्या मागे. म्हणूनच माझ्या मित्रानं ते नापास केलं होतं.

इथपर्यंत सगळ्यांना मजा वाटली. मग माझ्या बहिणीनं साधा प्रश्न विचारला. "पण हे आजीच्या पुस्तकात कशाला?"

कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात एवढंच माहीत होतं की आजी तरुणपणी दोन वर्षं मिरजेला होती, नर्सिंग शिकायला. तिथून आणलं असेल. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आजीच्या एकेक सवयी आठवू लागल्या. साताऱ्याची डिसेंबरची थंडी काय असते ते तुम्हाला माहीत आहे. त्या थंडीतही आजी तिच्या खोलीची खिडकी रात्रभर उघडी ठेवायची. तिचा कप वेगळा, आणि तो रोज उकळत्या पाण्यातून काढायची. आम्हाला मांडीवर घ्यायची, कुरवाळायची, पण कुणाही नातवंडाचा मुका तिनं कधी घेतला नाही. आणि एक. दर वर्षी शाळेत क्षयरोग निवारणाची टिकिटं वाटली जायची. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती घेतली असतील. आपल्या देशात ही मोहीम क्षयरोग संघटनेनं १९५० साली २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला सुरू केली. आम्ही मुलं एखादं टिकीट घ्यायचो, तेही बाईंनी डोळे वटारले म्हणून. साबणाची चिपटी चिपटीला जोडून वापरणारी माझी आजी मात्र अख्खा ताव घ्यायची आणि नाताळच्या प्रत्येक कार्डाच्या मागे एक एक टिकीट लावायची. त्यावरही तोच दोन दांड्यांचा क्रूस असायचा. मी तो शेकडो वेळा पाहिला होता आणि कधी ताडून बघितला नव्हता.

आत्या सांगलीला विश्रामबागेत राहायची. दादांपेक्षा मोठी, तेव्हा ऐंशी ओलांडलेली. सुट्टी संपायच्या आत मी तिच्याकडे गेलो. बरोबर कंदी पेढे आणि ते पुस्तक. पुठ्ठा उघडून टिकीट दाखवलं. आत्यानं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. मग म्हणाली, "आता सगळे गेले. आता सांगायला हरकत नाही. आई मिरजेला शिकायला नव्हती. वानलेसवाडीला होती. पेशंट म्हणून."

वानलेसवाडी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सांगली-मिरज रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांना ते एका वस्तीचं नाव वाटतं. ते नाव आहे डॉ. विल्यम वानलेस यांचं. कॅनडात जन्मलेला हा डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून १८८९ साली सांगलीला आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, मग मिरजेत रुग्णालय उभारलं. ते १८९४ साली सुरू झालं. कुठून कुठून माणसं बैलगाडीनं, रेल्वेनं मिरजेला येऊ लागली. मिरज हे वैद्यकीचं गाव झालं ते तेव्हापासून. १९२८ साली वानलेस यांना 'सर' हा किताब मिळाला, त्याच वर्षी ते परतले आणि १९३३ मध्ये वारले. क्षयाच्या रोग्यांसाठी गावाबाहेर, मोकळ्या माळावर उभं राहिलेलं आरोग्यधाम त्यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

माळावरच का? कारण तेव्हा औषधच नव्हतं. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पण त्याला मारणारं औषध सापडायला साठ वर्षं जावी लागली. तोवर उपचार म्हणजे मोकळी कोरडी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि वाट पाहणं. फार झालं तर सुई टोचून छातीत हवा भरायची, म्हणजे आजारी फुफ्फुस दबून त्याला विश्रांती मिळावी. साताऱ्याच्या बाजूलाही हेच चाललं होतं. पाचगणीला मुंबईच्या डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढलं, तेही तिथल्या हवेसाठीच. ते आज रेडक्रॉसचं रुग्णालय आहे. पाचगणी आपल्याला शाळा आणि स्ट्रॉबेरीसाठी ठाऊक. पण एकेकाळी कुणी पाचगणीला किंवा वानलेसवाडीला गेलं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली घ्यायचा.

आमच्या घरानं तर आवाजच बंद केला होता. आत्या सांगत होती. आजीला रक्ताची गुळणी आली तेव्हा दादा पाच वर्षांचे, आत्या सात-आठ वर्षांची. आजोबा शाळामास्तर. क्षय आहे हे कळलं असतं तर शाळेत मुलं पाठवायला लोक कचरले असते, आणि पुढे आत्याचं लग्न जमणं कठीण झालं असतं. तेव्हा शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, मंडळीतल्या लोकांनाही एकच सांगितलं, ती मिरजेला शिकायला गेली आहे. फक्त पाळकसाहेबांना खरं माहीत होतं.

"आई तिथं दोन नाताळ होती," आत्या म्हणाली. "पहिल्या नाताळाला बाबा मला घेऊन गेले. पहाटे सातारा रोड स्टेशनला गेलो, तिथून मिरजेची गाडी. मांडीवर करंज्यांचा डबा. आईनं शिकवल्या तशा मीच भरल्या होत्या, निम्म्या फुटलेल्या. तिथं लांब व्हरांडा होता आणि ओळीनं खाटा. आई शेवटच्या खाटेवर. मला पायरीच्या खाली उभं केलं. बाबा म्हणाले, इथूनच सलाम कर. मी सलाम केला. आईनं हात जोडले आणि तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, ती रागावली. वाटलं, करंज्या फुटल्या म्हणून."

आत्या थोडा वेळ थांबली.

"डबा एक बाई घेऊन गेली. तो रिकामा परत दिला नाही. तिथलं भांडं घरी न्यायचं नाही, असा नियम. माझा डबा तिथंच राहिला."

आणि टिकीट? ते आलं नाताळ सरल्यावर. अमेरिकेहून यायची डाक तेव्हा बोटीनं यायची. महिना-दीड महिना लागायचा. तिथल्या एका परदेशी नर्सबाईंना नाताळची पत्रं जानेवारीच्या अखेरीस मिळाली. पाकिटांच्या मागे ही टिकिटं होती. त्या बाईंनी पाण्याचा बोळा लावून ती सोडवली आणि खाटाखाटांवर वाटली. एकेकीला सांगितलं, की हे विकत घेणाऱ्या माणसाला तुझं नाव माहीत नाही, पण तुझ्यासारख्यांसाठी त्यानं एक नाणं बाजूला काढलं आहे. आजीनं ते गायनांच्या पुस्तकात चिकटवलं.

आता इतिहास म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. त्या टिकिटाचा सेंट काही वानलेसवाडीला आला नव्हता. तो पैसा अमेरिकेतच खर्च व्हायचा. आजीला तो मिळाला नाही. तिला मिळालं ते इतकंच, की आपल्या आजाराचं नाव कुणीतरी उघड्यावर, पाकिटाच्या पाठीवर, टपालवाल्याला दिसेल असं लावतं. ज्या आजाराचं नाव आपल्या घरात उच्चारायची सोय नाही, त्याचं जगात कुठेतरी टिकीट निघतं. मला वाटतं, तिच्या लेखी त्याचं मोल तेवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

आजी बरी झाली. नुसत्या हवेवर आणि विश्रांतीवर बरी झालेल्या भाग्यवंतांपैकी ती एक. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ पासून आयसोनियाझिडच्या स्वस्त गोळ्या आल्या. आणि मग आपल्याच देशात एक मोठं काम झालं. मद्रासमध्ये १९५६ पासून क्षयरोग्यांचे दोन गट करून पाहिले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला घरी ठेवून गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की घरी राहूनही रोगी तितकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोकाही होत नाही. घरच्या घरी उपचार करायची वाट त्यातून मोकळी झाली. देशोदेशीच्या आरोग्यधामांतल्या खाटा हळूहळू रिकाम्या झाल्या. आत्याला पायरीच्या खाली उभं करणारी ती पद्धत, निदान औषधाच्या बाजूनं, संपली.

मनातली पद्धत इतक्या लवकर संपत नाही. आजी १९७४ पर्यंत जगली. औषधं आली, आजार बरा होतो हे सगळ्यांना कळलं, आत्याचं लग्न होऊन तिला नातवंडं झाली. तरी आजीनं तोंड उघडलं नाही. मुका घेतला नाही. खिडकी लावली नाही. आणि दादांनाही माहीत नव्हतं. आपली आई आपल्याला पाचव्या वर्षी सोडून दोन वर्षं शिकायला गेली, ही बारीकशी अढी त्यांच्या मनात शेवटपर्यंत होती. मी ती ओळखून होतो. कधी चिडले की म्हणायचे, "आमच्या आईला शिक्षण मोठं होतं." दादा २००१ साली गेले. आठ वर्षं आधी ते लॅपटॉपचं पान उघडलं असतं तर, असं मला अजून वाटतं. या सगळ्या शोधातली हीच एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

पुढे इंटरनेटवर जुनी पुस्तकं वाढत गेली, तसा मी शोधत राहिलो. डॉ. वानलेस यांच्या कामाची माहिती मिळाली. टिळकांचं इंग्रजी चरित्र मिळालं. देशोदेशींच्या नाताळच्या टिकिटांच्या याद्या मिळाल्या. आजीचं नाव कुठेही मिळालं नाही. आणि मिळणारही नव्हतं. जुन्या अहवालांत डॉक्टरांची नावं असतात, रोग्यांचे आकडे असतात. टिळकांच्या घरातलं भांडण, उपास, रुसवे, हसणं आज आपल्याला माहीत आहे ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून. आमच्या आजीनं एक ओळ लिहिली नाही. तिनं एक टिकीट ठेवलं, आणि ते मागणाऱ्या नातवाला दिलं नाही. तेव्हा दिलं असतं तर मी ते दोन नेपाळांच्या बदल्यात देऊन टाकलं असतं.

श्रोतेहो, क्षय गेलेला नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशात आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते घ्यायला जाताना तोंड लपवणारी माणसं मी अजून पाहतो. सुनेचा आजार माहेरी पाठवून झाकणारी घरं अजून आहेत. त्यांच्या मुलांना काय सांगितलं जात असेल, ते मला ठाऊक आहे.

आत्या आता नाही. पण त्या दिवशी निघताना तिनं मला थांबवलं आणि एक स्टीलचा डबा हातात ठेवला. नाताळच्या करंज्या होत्या. म्हणाली, "हा परत नाही दिलास तरी चालेल."

तो डबा साताऱ्याच्या घरी आहे. दर नाताळात आधी तो भरतो, मग बाकीचे. चांदणी चढवायच्या रात्री गायनांचं पुस्तक बाहेर निघतं, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला पुठ्ठ्यामागचं टिकीट दाखवलं जातं. त्याच्या खाली आता मी पेनानं चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. आजीचं पूर्ण नाव, वानलेसवाडी, आजाराचं नाव, आणि बरी झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)